चुन्यावरचे अळीव

असं समजा, की तुम्ही एका शेताच्या बांधावर उभे आहात. समोर हिरवी भिंत आहे. भिंत म्हणजे झाडंच, पण इतकी दाट आणि इतकी उंच, की बाबांच्या खांद्यावर बसून हात ताणलात तरी शेंडा हाती लागायचा नाही. आता एक पाऊल आत टाका. वारा एकदम थांबला, नाही का? पानं पंजासारखी, बोटं फाकलेली. वास ओल्या गवताचा, थोडासा कडवट. वसंतात पेरलेलं बी तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, एवढं वाढतं. या झाडाला हेम्प म्हणतात. आपल्याकडच्या भांगेचं हे चुलत भावंड, पण याच्या अंगी नशा नाही. नेदरलँड्समधले शेतकरी ते पेरतात ते त्याच्या काड्यांसाठी.

आत शिरलात ना? मग आता डावीकडे बघा. तिथे दोन मुली आहेत. पिवळे बूट घातलेली, झाडांच्या मधून सरसर पळणारी ती लोटे. शेत तिच्या बाबांचं आहे. आणि दुसरी, जी जागच्या जागी उभी राहून एका पानाच्या चिंध्या करते आहे, ती संहिता. आपली गोष्ट तिची. त्या बिचाऱ्या पानाने तिचं काय बिघडवलं होतं, हे कळायचं तर आधी तिच्या आईची ओळख करून घ्यायला हवी.

संहिता फेल्डहोवनला राहते. दीड-दोन वर्षांची असताना ती पुण्याहून इथे आली. तिचे बाबा, जयेश, चिप बनवणारी अवाढव्य यंत्रं जिथे तयार होतात तिथे इंजिनियर आहेत. आई, कीर्ती, कापडाचं तंत्र शिकलेली. पण इथे ती आली ती बाबांच्या मागोमाग, डिपेंडंट व्हिसावर, आणि चिपच्या गावात कापडवालीला काम कोण देणार? तेव्हा बरीच वर्षं आई घरीच होती. शाळा सुटली की फाटकाशी आई. घरी आल्यावर गरम थालीपीठ आणि आई. संहिताला वाटायचं, आई म्हणजे अशीच असते, आपल्यासाठी थांबलेली.

एकदा सप्टेंबरात आई सायकलवरून गावाबाहेर गेली होती. एका शेतात कापलेलं पीक आडवं पडलेलं तिला दिसलं. काड्या दवाने भिजून काळपट पडत चालल्या होत्या आणि एक उंचापुरा शेतकरी खिशात हात घालून शांतपणे बघत उभा होता. आईला राहवेना. तिच्या आजोळी लातूरकडे अंबाडी कापली की ओढ्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे साल कुजून सुटते आणि आतून वाख, म्हणजे दोरासाठीचे लांब धागे, निघतात. तिने सायकल उभी केली आणि त्या अनोळखी माणसाला जाऊन इंग्रजीत म्हणाली, "तुमचं पीक असं उघड्यावर का सडवताय? पाण्यात घाला की."

तो शेतकरी हसत सुटला. म्हणाला, "इथे ते काम दव करतं. पाण्यात घातलं तर नाल्यातले मासे मरतील आणि गावातले लोक मला मारतील. पण तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

तो हेंक, म्हणजे लोटेचा बाबा. त्याच्याकडे पूर्वी गायी होत्या. मग जनावरांबद्दलचे नवे नियम आले, गायी विकाव्या लागल्या, आणि त्याने हेम्प पेरलं. रिकाम्या गोठ्यात काड्या फोडण्याचं यंत्र बसवलं. त्याला धाग्यांतलं कळणारं माणूस हवंच होतं. पुढच्या महिन्यापासून आई त्या गोठ्यात कामाला जाऊ लागली.

आईचं काम ऐकण्यासारखं आहे. यंत्रातून काडी गेली की तिचे दोन भाग होतात. बाहेरचा वाख आणि आतली हलकी, पांढरट सणकाडी. वाखाच्या जाड चटया करतात. भिंतीत घातल्या की थंडी आत येत नाही. सणकाडीचे बारीक तुकडे चुना आणि पाण्यात कालवले की त्याच्या विटा होतात. उरलेला भुसा पिकलेल्या बियांसकट कोंबड्यांना. धुळीच्याही गोळ्या करून शेगडीत जाळतात. आई म्हणायची, "आमच्या गोठ्यात कचऱ्याचा डबा आहे, पण त्याला काम नाही."

संहितालाही हे सगळं आवडलं असतं. अडचण एकच होती. त्या गोठ्यात लोटे होती.

आता शाळा सुटल्यावर संहिता घरी न जाता सायकलने गोठ्यावर जायची, आणि बघावं तर लोटे आधीच आईच्या शेजारी. हातात काडी, डोळे आईच्या हाताकडे. आई काडी मधोमध मोडून साल ओढून दाखवायची. साल लांबच्या लांब निघाली तर काडी तयार, तुकडे पडले तर अजून दव हवं. लोटेला डच येई, इंग्रजी जेमतेम. आईची डच लंगडी. मग लोटेने काय केलं असेल? ती मराठी शब्द उचलू लागली. इथल्या मराठी मंडळातली मुलं आईला काकू म्हणतात हे तिने एकदा ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू, "काकू, झालं?" "काकू, बघ." "काकू, अजून नाही."

एका संध्याकाळी तिने ढिगातून एक काडी उपसली, मोडली, साल ओढली. साल रिबिनीसारखी अखंड निघून आली. "काकू, झालं," ती म्हणाली.

"शाब्बास गं बाळा," आई म्हणाली, आणि तिच्या केसांत अडकलेला भुसा बोटांनी काढू लागली.

संहिता दारात होती. अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. बाळा हा शब्द काही कुणाच्या नावावर लिहून दिलेला नसतो, हे तिला ठाऊक होतं. मंडळातल्या काकवा सगळ्यांनाच बाळा म्हणतात. पण तिच्या आईच्या तोंडून तो शब्द दुसऱ्या मुलीसाठी तिने पहिल्यांदाच ऐकला.

"अगं, कधी आलीस? बघ, लोटेने काय केलं," आई म्हणाली.

"बघितलं," संहिता म्हणाली. डचमध्ये.

ही तिची जुनीच सवय. आईबाबा मराठीत बोलणार आणि ही डचमध्ये उत्तर देणार. मराठी कळायची सगळी, पण बोलताना जिभेवर डच आधी येऊन बसायची. घरी कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण त्या रात्री जेवताना आईने काडीची ती गोष्ट बाबांना रंगवून सांगितली, आणि संहिता पुन्हा डचमध्ये "ग्रेट" म्हणाली, तेव्हा बाबांनी भाकरी मोडता मोडता हसून म्हटलं, "बघ हं संहिता, तुझ्या आईची गोरी शिष्या मराठी बोलायला लागली, आणि आमची सदाशिव पेठ अजून डचमध्येच."

बाबांनी गंमत केली होती. संहिताने मात्र ताट बाजूला सारलं. म्हणजे लोटेला आईही मिळाली आणि आईची भाषाही. मग माझ्याकडे उरलं काय?

एक गोष्ट उरली होती. किल्ला.

दिवाळी आली की संहिता आणि आई घरामागच्या चिमुकल्या बागेत किल्ला करायच्या. विटांचे तुकडे, माती, वर पोत्याचा तुकडा, आणि तटावर पेरलेले अळीव. चार-पाच दिवसांत अळिवाचं कोवळं हिरवं गवत उगवायचं, आणि मग पुण्याहून आणलेले मातीचे मावळे त्यात उभे राहायचे. बाबांना फक्त फोटो काढायला बोलवायचं, असा दोघींचा नियम होता. माती कालवताना आई गाणी म्हणायची, तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. ते काही दिवस आई पूर्ण संहिताची असायची.

आई गोठ्यात जायला लागून वर्ष झालं, त्या वर्षी मंडळाने शेजारच्या आइंडहोवन शहरात किल्ल्यांची स्पर्धा ठेवली, आणि आईच्या डोक्यात एक कल्पना आली. "आपण यंदा हेम्पचा किल्ला करू. सणकाडी आणि चुना. गोठ्यातच बांधू, लाकडी पाटावर, म्हणजे हेंक व्हॅनमधून नेऊन देईल. आणि दिवाळी झाली की फोडून, भुगा करून शेतात पसरू. हेंकच्या जमिनीला चुना हवाच आहे. शेतातून आला, शेतात गेला."

मंडळाचे मोहनकाका फोनवर म्हणाले, "वहिनी, भांगेचा किल्ला म्हणता? परीक्षकांना चढली तर जबाबदार कोण?"

"तुम्हाला लांब उभं करू, भाऊजी," आई म्हणाली. "तुम्हाला चहाचीसुद्धा चढते."

संहिता खूप दिवसांनी मोकळं हसली. आणि लगेच आई पुढे म्हणाली, "लोटे तर विचारून विचारून वेडी झालीय. कधी करायचा, कधी करायचा. मी म्हटलं तिला, तू पण ये."

हसू गेलं.

शरदातली शाळेची सुट्टी लागली आणि काम सुरू झालं. आईने सगळ्यांना हातमोजे घालायला लावले, कारण ओला चुना कातडी भाजतो. घमेल्यात सणकाडी, चुना, पाणी. लाकडी साच्यात ते मिश्रण भरायचं आणि हाताने थोपटायचं. फार दाबायचं नाही, नाहीतर आत हवा राहत नाही. बुरूज झाले, तट झाला, महादरवाजा झाला. पांढुरका, खरबरीत किल्ला, जवळून बघितलं तर चिवड्यासारखा दिसणारा. लोटेची बडबड आईपर्यंत आणि आईची लोटेपर्यंत पोचवायचं काम संहिताचं. आई मराठीत सांगणार, संहिता लोटेला डचमध्ये. लोटे काही विचारणार, संहिता आईला सांगणार. बाजाराच्या मधोमध उभं करून दोन्हीकडच्या पिशव्या धरायला लावाव्यात, तसं तिला वाटत होतं. दोघी एकमेकींशी बोलत होत्या आणि ती फक्त मधली वाट.

काम वाटायची वेळ आली. आई म्हणाली, "खालचा तट आणि दरवाजा संहिताचा. वरचा बालेकिल्ला लोटेचा."

"बालेकिल्ला दर वर्षी मी करते," संहिता म्हणाली. हे मात्र मराठीत आलं.

"हो गं, म्हणून तर. तुला सगळं येतं. तिचा पहिलाच आहे, तिला वरचा देऊ या. सांग तिला."

संहिताने सांगितलं. लोटेने आनंदाने टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांतून चुन्याची धूळ उडाली, आणि ती आईला बिलगली. आईने तिला बिलगू दिलं.

मुलांनो, मत्सर हा काही एकदम येत नाही. तो चिलटासारखा येतो. एखादं आलं तर आपण हाताने हाकलतो. पण ढगच आला, की समोरचं काही नीट दिसत नाही. संहिताचं त्या दिवशी तसंच झालं होतं.

किल्ला सुकायला ठेवला. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी अळीव पेरायची वेळ झाली. अळीव पुण्याच्या आजीने पाठवलेले, तांबूस, बारीक. आईने दोन वाट्यांत ते काढले आणि कोपऱ्यात वाखाच्या पातळ चटया कापून ठेवल्या. एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. विटा न्यायला ट्रक आला होता. आई धावत निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "संहिता, लोटेला सांग हं. चुन्यावर थेट बी टाकायचं नाही. आतून तो अजून ओला आहे, बी जाळून टाकेल. आधी चटई अंथरायची, चांगली भिजवायची, मग त्यावर अळीव. आणि वरून ओलं फडकं घालायचं. पुढच्या शनिवारपर्यंत कुणी उघडायचं नाही."

आई गेली. लोटेने वाटी उचलली. तिचे डोळे चमकत होते. "काय म्हणाली काकू?"

संहिताने त्या चटयांकडे बघितलं. मग बालेकिल्ल्याकडे. ठरवून असं काही तिने केलं नाही. वाक्य तोंडात तयार होतं, डचमध्ये, सोपं. ते फक्त बाहेर काढायचं होतं.

"म्हणाली, पेर," संहिता म्हणाली. "आणि वर ओलं फडकं घाल. पुढच्या शनिवारपर्यंत उघडायचं नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त मधलं गळालं होतं.

लोटेने जीभ दातांत धरून, एक एक चिमूट, बालेकिल्ल्याच्या पांढऱ्या चुन्यावर अळीव पेरले. हलकेच पाणी शिंपडलं. फडकं घालताना ते इतकं हळू टाकलं, जणू खाली कुणी झोपलंय आणि जागं व्हायला नको. मग तिची कॉर्फबॉलची प्रॅक्टिस होती, ती पळाली.

ती गेल्यावर संहिताने आपल्या तटावर चटया अंथरल्या, भिजवल्या, अळीव पेरले, वर फडकं घातलं. सगळं बरोबर, आईने सांगितलं तसं.

आठवडाभर लोटे रोज शाळेआधी गोठ्यात जाऊन फडक्यावरून पाणी शिंपडायची. फक्त बालेकिल्ल्यावर नाही, संहिताच्या तटावरही. बुधवारी दुपारची शाळा नसते, तेव्हा संहिता गोठ्यावर गेली. लोटे झारी घेऊन किल्ल्याशेजारी उकिडवी बसली होती.

"इथे, बरोबर इथे, वासरं असायची," लोटे म्हणाली. "सकाळी उठून मी त्यांना बाटलीने दूध द्यायचे. एक तर माझी बाहीच चोखायचं. ट्रक आला आणि सगळी गेली. तेव्हापासून सकाळी उठून मला करायला काहीच नव्हतं." तिने झारी वाकडी करून शेवटचे थेंब पाडले. "आता आहे."

संहिताला फडक्याखालचं सगळं दिसत होतं, जणू ते फडकं काचेचं होतं. आता सांगावं. अजून वेळ आहे, चटई घालून पुन्हा पेरता येईल, शनिवारपर्यंत कोंब तरी येतील. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात आई आत आली. दोघींना बघून हसली आणि डब्यातून काहीतरी काढलं. बेसनाचे लाडू, पहिल्या घाण्यातले. दर वर्षी पहिल्या घाण्यातला पहिला लाडू संहिताचा असतो. आईने डबा पुढे केला. लोटे जवळ होती, तिचा हात आधी पोचला.

"काकू, मस्त," लोटे तोंड भरून म्हणाली.

संहिताने तोंड मिटलं. "मला नको," ती म्हणाली आणि सायकल काढून घरी गेली.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. हेंक बाहेर व्हॅन रिकामी करत होता. आई, संहिता आणि लोटे किल्ल्यापाशी उभ्या होत्या. लोटेने केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या आणि कपाळावर टिकली लावली होती. किंचित वाकडी.

"आधी खालचं," आई म्हणाली. संहिताने तटावरचं फडकं उचललं.

हिरवं. गच्च हिरवं, मखमलीसारखं, दरवाजापासून बुरुजापर्यंत. लोटेने श्वास रोखला. "वाव," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात नुसता आनंद होता, दुसरं काहीही नव्हतं. संहिताने तो आवाज नीट ऐकला. आपण तिच्या जागी असतो तर असं म्हणालो असतो का, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला नकोसा झाला.

मग लोटेने बालेकिल्ल्याचं फडकं दोन बोटांनी धरलं आणि सावकाश ओढलं.

पांढरं. टक्कल पडल्यासारखं पांढरं. अळीव फुगून, चिकट होऊन, चुन्याला तपकिरी ठिपक्यांसारखे चिकटून वाळले होते. एकही कोंब नव्हता. लोटेने वाकून बघितलं. बोटाने एक ठिपका खरवडला. मग तिने स्वतःचे तळहात उलटे करून बघितले, जणू दोष तिथे सापडेल.

"मी रोज पाणी घातलं," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज. एक दिवससुद्धा चुकवला नाही. वासरं गेली, आणि आता हे पण. मला काही सांभाळताच येत नाही बहुतेक."

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

"म्हणते, रोज पाणी घातलं," संहिता म्हणाली. डचमध्येच म्हणाली, आणि मग आईचा चेहरा बघून घाईने मराठीत.

आई बालेकिल्ल्यावर वाकली. चुना चाचपला. तिच्या कपाळाला आठी पडली. "अगं, पण हिने चटई घातलीच नाही. थेट चुन्यावर टाकलेत. मी इतकं बजावून सांगितलं होतं." तिच्या आवाजात पहिल्यांदाच लोटेसाठी नाराजी होती. थोडीशीच, पण होती. "विचार तिला, चटई का नाही घातली? ऐकलं नाही का नीट?"

हे बघा, संहिता गेले कितीतरी महिने नेमकी याच आवाजाची वाट बघत होती. आईने एकदा, निदान एकदा तरी, लोटेवर रागवावं. आता तो आवाज आला होता, आणि तो पलीकडे न्यायचं काम तिच्याकडेच होतं.

तिने लोटेला विचारलं. "आई विचारते, चटई का नाही घातलीस?"

लोटेने मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण त्यात राग नव्हता. तिला प्रश्नच कळला नव्हता. "कसली चटई?"

आई वाट बघत होती. "काय म्हणाली?"

तिथे दुसरं कुणीच नव्हतं. हेंक बाहेर व्हॅनमध्ये काहीतरी आपटत होता. लोटेला मराठीतले शब्द येत होते ते सगळे मिळून एका मुठीत मावले असते. आणि संहिताच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तिने ते रात्रीच तयार करून ठेवलं होतं. 'ती म्हणते, विसरले.' एवढंच. आई म्हणाली असती, बरं, असू दे. लोटे उद्या कोपऱ्यात उभी राहिली असती. पुढच्या वर्षी किल्ला पुन्हा मागच्या बागेत झाला असता, फक्त दोघींचा. सगळं जिथल्या तिथे गेलं असतं.

फक्त लोटे अजून आपल्या तळहातांकडे बघत होती.

"ती म्हणते," संहिता म्हणाली आणि थांबली. मराठी शब्द सापडत नव्हते. डच शब्द रांग लावून उभे होते, पण ते तिने घेतले नाहीत. "ती म्हणते, कसली चटई. कारण तिला... तिला माहीतच नाही. मी सांगितलं नाही. तू सांगितलंस ते मी अर्धंच सांगितलं." मग एक मोठा श्वास. "मुद्दाम."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती संहिताकडे बघत राहिली, ओळखीच्या रस्त्यावर ओळखीचं घर सापडू नये तशी. लोटे एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "काय झालं?" तिने विचारलं. "काय सांगितलंस तू काकूला?"

संहिताने तेच सगळं तिला डचमध्ये सांगितलं, आणि या वेळी मधलं काही गाळलं नाही.

लोटेचा चेहरा लाल झाला. ती एक पाऊल मागे सरली. टिकली आणखी वाकडी झाली होती. ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा धावत हेंककडे जाईल, असं संहिताला वाटलं. तिने यांपैकी काही केलं नाही. ती तिथेच उभी राहिली, हात मागे बांधून, आणि वाट बघू लागली.

तेव्हा संहिता आपल्या तटापाशी गेली. महादरवाजाच्या वरची चटई सगळ्यांत दाट उगवली होती. तिथेच मावळे उभे करायचे तिने योजलं होतं. तिने बोटं चटईखाली घातली. मुळं वाखात घट्ट गुंतली होती, चुन्याला त्यांनी हातही लावला नव्हता, त्यामुळे चटई सहज सुटून आली. खाली दरवाजा उघडा, पांढरा पडला. थरथरत्या हिरवळीचा तो तुकडा दोन्ही हातांवर तोलत ती बालेकिल्ल्यापर्यंत आली, पण एकटीला तो नीट पसरता येईना. एक कोपरा खाली लोंबत होता.

तो कोपरा तिने लोटेच्या दिशेने केला.

"धर," ती म्हणाली. मराठीत.